सुताचं दुसरं टोक

“काका, हे टोक जरा गेटले टेकवून धरता का?” असं तो तरणा साहेब म्हणाला आणि भीमराजनं काही न विचारता टेपचं पत्र्याचं टोक हातात घेतलं. सकाळचे दहा वाजले असतील. तो बाभुळगावच्या शाळेसमोरून घरी चालला होता, पिशवीत बिस्किटांचे दोन पुडे होते, घरी जाऊन ते चहात बुडवून खायचे एवढाच त्याचा दिवसाचा बेत होता. साहेबाचं नाव इंद्रजित. तो अन्नाच्या खात्याकडून आला होता, गळ्यात ओळखपत्र, काखेत वही. टेपचा डबा घेऊन तो मागे मागे सरकत रस्ता ओलांडून गेला, हलीमाबीच्या टपरीपाशी थांबला, वहीत आकडा टिपला, मग टपरीमागं कापसाच्या जुन्या जिनिंगचं बंद गोदाम आहे त्याच्या भिंतीपर्यंत गेला. “ताठ धरा काका, झोळ येऊन राह्यला,” तो तिकडून ओरडला आणि त्यानं टेप ओढली. तो ओढा भीमराजच्या बोटांत आला, मनगटातून कोपरापर्यंत चढला, आणि भीमराज होता तिथंच थिजला. भिंती रंगवताना बावीस वर्षं त्यानं सुताची दोरी हाताळली होती, पण कायम ओढणाऱ्याच्या बाजूनं. जो नुसता धरून उभा राहतो त्याच्या हाताला काय होतं, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं. पलीकडचा माणूस रागात आहे की निवांत आहे, त्यानं पाऊल टाकलं की तो थांबला, सगळं बोटांना समजतं. म्हणजे बायकोला, कौसल्याला, हे सगळं समजत होतं. बावीस वर्षं. आणि ती कधी बोलली नव्हती, किंवा बोललीही असेल आणि आपलं लक्ष भिंतीकडं असेल.

“टपरी अठरा, भिंत एकतीस,” इंद्रजित परत येत म्हणाला. “दोन्ही आतच हायेत.” शाळेच्या मुख्याध्यापिका ममता मॅडम गेटमध्ये येऊन उभ्या होत्या. त्यांनी भीमराजला समजावून सांगितलं, की वरून नियम आला आहे, शाळेच्या गेटपासून पन्नास मीटरच्या आत तळलेल्या पुड्यांचा, रंगीत पाण्याच्या बाटल्यांचा माल विकायचा नाही आणि त्याची जाहिरातही ठेवायची नाही. मागच्या महिन्यात मुलांची तपासणी झाली तेव्हा वर्गात निम्मी पोरं वजनाला कमी भरली आणि पाच-सहा जास्त भरली, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कमीवाली आणि जास्तवाली दोघंही रोज एकच पुडा खातात असं निघालं. “भीमराजभाऊ, ती गोदामाची भिंत तुम्हीच रंगवलेली ना?”

“हाव जी. माहीच हाये.”

“मग पुसायचीही तुम्हीच. आणि त्या जागी आपण आठवड्याचा आहार लिहू. सोमवारी काय, मंगळवारी काय. तुमच्या अक्षरात.”

“सोमवारी मी पाहाले येईन काका,” इंद्रजित टेप गुंडाळत म्हणाला. “तवरक नाई झालं तर नगरपंचायतीचे मानसं डांबर फासून जातीन. त्यायले काय, एक डबा अन् एक झाडू.”

“करतो जी,” भीमराज म्हणाला. टेपचं टोक अजून त्याच्याच हातात होतं. साहेबानं ते हळूच सोडवून घेतलं.

भिंत साधी होती. लाल जमिनीवर पिवळी तीन अक्षरं, झणक, एकेक अक्षर माणसाच्या उंचीचं, बाजूला फुटलेला पुडा आणि त्यातून उडणारे तिखट तुकडे, आणि खाली एक हसणारं पोरगं. त्या भिंतीवर काय काय येऊन गेलं हे भीमराज थरावर थर सांगू शकला असता. सगळ्यांत खाली त्याच्या उस्तादानं, किसनसिंगनं, गेरूनं लिहिलेलं छोट्या कुटुंबाचं वाक्य. त्यावर कापसाचं बियाणं. बियाण्याच्या त्या वर्षांत भीमराजला उसंत नव्हती. यवतमाळ रोडला, कळंब रोडला, एक भिंत त्यानं मोकळी ठेवली नाही. बोंड काढायचं ते नारळाएवढं, त्यातून कापूस असा सांडलेला की बघणाऱ्याला झोळी पसरावीशी वाटावी. पोत्यातलं बी आणि भिंतीवरचं बोंड यांचा काही मेळ नसतो हे लोकांना कळत होतं, तरी लोक भिंतीकडं बघायचे. मग गुलाबी बोंडअळीचं वर्ष आलं, बोंड फोडलं की आत अळी वळवळायची, आणि दोन हंगामांत भिंतींवरून बियाणं उतरलं. जे कोणी जाहिरात करत होते ते छापील फ्लेक्सकडं गेले. भीमराज घरी बसला. आणि तेव्हा झणकवाला माणूस आला. गावोगावच्या शाळांसमोरच्या भिंती त्यानं आधीच हेरून ठेवल्या होत्या, त्याच्या मोबाइलमध्ये त्यांचे फोटो होते. तो म्हणाला, “पेंटर, पोराचं तोंड असं पाहिजे की बघणाऱ्या पोराच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे.” भीमराजला कामाचा आनंद झाला होता. दुसरा काही विचार त्याच्या मनात आला नव्हता, आणि आता कितीही शोधला तरी त्या दिवसात तो सापडत नव्हता.

भिंतीचं काम सुतावर असतं. जाड सूत घ्यायचं, निळीच्या भुकटीतून ओढायचं, भिंतीच्या या टोकाला एकानं धरायचं, त्या टोकाला दुसऱ्यानं ताणायचं, आणि मधोमध चिमटीत धरून सोडायचं. सट् असा आवाज होतो आणि भिंतीवर निळी सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर अक्षरं उभी राहतात. सूत चुकलं तर अक्षर कितीही देखणं काढा, भिंत वाकडी दिसते. उस्ताद दुसऱ्या टोकाला खिळा ठोकायचा. भीमराजचं लग्न झालं त्या वर्षी एका जुन्या भिंतीचा पोपडा सुटून खिळा निघाला आणि सूत खाली आलं. कौसल्या भाकर घेऊन आली होती. ती म्हणाली, “द्या इकडे, मी धरतो.” त्यानंतर खिळा लागला नाही. बायका ओट्यावर बसून थट्टा करायच्या, “कौसल्ये, नवऱ्यानं तुले कामाले लावलं व.” ती म्हणायची, “कामाले कायचं लावते बाप्पा, खिळ्याच्या जागी ठोकलं मले.” आणि हसताना हात हलायचा, रेघ कापायची, आणि भीमराज ओरडायचा. पुढं तिला शाळेत खिचडी शिजवायचं काम लागलं. दुपारी तीनपर्यंत ती शाळेच्या शेडमध्ये असायची, त्यानंतर भिंतीवर. तिच्या लुगड्याला हळदीचा आणि टर्पेंटाइनचा मिळून एक वास असायचा. तो वास आता कुठंच नव्हता. तिला जाऊन नऊ महिने झाले होते. पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे घर झाडून, भांडी घासून गेले, आणि त्या घासलेल्या भांड्यांपैकी एक चहाचं पातेलं सोडलं तर भीमराजनं अजून एकही चुलीवर ठेवलं नव्हतं.

झणक लिहिताना अक्षरांच्या कडा त्यानं मारून घेतल्या होत्या आणि आत पिवळा भरायचा राहिला होता. दिवस थंडीचा, ऊन लवकर उतरत होतं. कौसल्या शाळेतून आली, सूत गुंडाळून झालं होतं, तिच्या हाताला काम नव्हतं. “आत रंगच भराचा हाये ना? लेकरंबी भरतात,” ती म्हणाली आणि तिनं दुसरा ब्रश घेतला. स्टुलावर चढून तिनं तिन्ही अक्षरं भरली. जीभ दातांत धरून, पोळी लाटावी तशी गोल गोल. झच्या शेपटीपाशी ब्रश कडेबाहेर गेला आणि शेपटी फुगली, साप उंदीर गिळून पडल्यासारखी. भीमराज चिडला. आयुष्यात त्याचा ब्रश रेघेबाहेर गेला नव्हता. “थांब, पुसतो मी ते.” ती म्हणाली, “राहू द्या ना जी. कोनं भरलं ते तरी समजन.” ऊन गेलं, पुसायचं राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी रंग सुकला होता. भिंतीवर एवढ्या वर्षांत तिचा हात लागलेली तेवढीच जागा. रेघा तर सगळ्या तिच्याच होत्या, पण त्या रंगाखाली जातात. वर दिसेल असं तिचं काही असेल तर तो पिवळा, आणि ती शेपटी.

हे सगळं सोमवारपर्यंत पुसायचं होतं.

गुरुवारी तो भिंतीसमोर जाऊन बसला आणि परत आला. घरात बसला तरी भिंत समोर असायची. झणकवाल्यानं कामाबरोबर मालही दिला होता, पुड्यांचे दोन खोके आणि लाल पेयाच्या बाटल्यांचं एक खोकं. किती मिरवलं होतं ते खोकं. संध्याकाळी दोघं उंबऱ्यात बसून एकेक बाटली प्यायचे, रस्त्यानं जाणाऱ्याला ती हाक मारायची, “या ना वो, कंपनीचं हाये!” खोकं संपलं, पण बाटलीची सवय संपली नाही. दिवसभर चुलीपुढं बसून तिचा घसा कोरडा पडायचा, आणि येताना ती हलीमाबीकडून एक बाटली घ्यायची. पुढं तिला शुगर निघाली तेव्हा भीमराजनं डॉक्टरला त्या खोक्याबद्दल विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, तसं नसतं, शुगर आधीपासून असेल, एका खोक्यानं होत नाही, मनाला लावून घेऊ नका. भीमराजला ते पटलंही होतं. पण पटलेली गोष्ट दिवसा टिकायची आणि भिंतीसमोर बसलं की जायची.

आणि खिचडी. ती मात्र डॉक्टरला विचारायची गोष्ट नव्हती. भिंत झाली त्या हिवाळ्यात खिचडी उरायला लागली. आधी पातेलं खरवडून पोरं मागायची. मायबाप पहाटे वेचणीला जायचे, कापूस कमी आलेला, म्हणून जास्त लांबच्या वावरात, चूल पेटवायला वेळ नाही. पोराच्या हातात पाच रुपये ठेवले की सकाळ झाली. पाच रुपयांना पुडा मिळत होता आणि पुड्याचं चित्र गेटसमोर होतं. पोट त्यानंच भरायचं. कौसल्या उरलेली खिचडी डब्यात घालून घरी आणायची, टाकून देणं तिच्या जिवावर यायचं, रात्री दोघं तीच खायचे. एका दिवशी जेवताना ती शांतपणे म्हणाली, “तुमी एवढं चांगलं काहून काढलं जी? जरासं वाईट काढाचं होतं.” तो म्हणाला, “पिवळा तं तूच भरला.” ती म्हणाली, “हाव. मीच भरला.” एवढंच. पुन्हा त्यावर बोलणं झालं नाही. मग शुगर तिच्या पायात उतरली, मग डोळ्यांत. शेवटच्या वर्षी ती शेडच्या दारात बसून तांदूळ निवडायची ते हातानं चाचपून. माणसाचं तोंड तिला ओळखू येत नसे. तो तिला घ्यायला जायचा तेव्हा ती रस्त्यापलीकडं बघत असायची. “तो पिवळा दिसते मले,” ती म्हणायची. “बाकी सारं धुक्यातल्यावानी हाये, पन तो पिवळा दिसते.” असा तो पिवळा. ज्याच्यामुळं खिचडी उरली तोही तोच, आणि तिच्या डोळ्यांना शेवटपर्यंत पुरला तोही तोच. भीमराज साधा माणूस होता. या दोन गोष्टी एका जागी कशा ठेवायच्या हे त्याला येत नव्हतं. रंग पुसला की दोन्ही पुसल्या जातील, आणि ठेवला की दोन्ही राहतील, एवढंच त्याला दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी तो बादली घेऊन भिंतीपाशी आला. बादलीत चुना होता, रात्रभर भिजवलेला. कोणाही पेंटरला ठाऊक असतं की ऑइलपेंटवर चुना धरत नाही. वरून पांढरं दिसतं, एक पावसाळा गेला की चुना धुऊन जातो आणि खालचा रंग जसाच्या तसा वर येतो. नीट पुसायचं तर पत्रीनं, पत्र्याच्या पातीनं, खरवडायचं, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर द्यायचा, मग पांढरा. भीमराजनं मनात ठरवलं होतं, सोमवारी साहेब पांढरी भिंत पाहून जाईल, कागद पुरा होईल, आणि जुलैत हळूहळू पिवळा उगवेल. तोवर कोण बघायला येतं? हा विचार करताना त्याला नऊ महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं होतं. आपण खोटं काम करतो आहोत हे त्याला कळत होतं. पण ते कळणं कुठंतरी लांब होतं, शेजाऱ्याच्या घरातलं भांडण ऐकू यावं तसं.

तीन हात लांबीला चुना मारून झाला तेव्हा मागून आवाज आला. “भीमराजभाऊ, चुना हाये का तो?” हलीमाबी टपरीच्या फळीवर बसली होती, पन्नाशीची बाई, डोक्यावर ओढणी. तिचा नवरा वाहिद पंपाची दुरुस्ती करायचा, तो गेल्यापासून टपरी तीच सांभाळायची. पुड्यांच्या माळा तिनं उतरवून खोक्यात भरल्या होत्या, टपरी बोडकी दिसत होती.

“हाव. पह्यला हात.”

“ऑइलवर चुना?” ती हसली. “माह्या टपरीच्या पत्र्याले मी चुना मारत होतो तवा कोन ओरडलं होतं मले? भाभी, ऑइलवर चुना म्हंजे बुढ्याच्या डोक्याले मेंदी. कोन म्हनलं होतं?”

भीमराज पुन्हा भिंतीकडं वळला. त्यानं ब्रश बादलीत बुडवला.

“मले काय, मी बोलनारी कोन,” हलीमाबी म्हणाली. “तुमची भिंत अन् माही टपरी एकाच टेपात सापडली. तुमाले चुना तरी हाये. मी काय मारू? फुटाने, शेंगदाने, गुळाची चिक्की आनून ठेवली. पोट्टे येतात अन् मले विचारतात, दादी, दुकान मरलं का? अलफिया तं रुसूनच बसली.” अलफिया तिची नात, अकरा वर्षांची, तपासणीत जास्त वजन भरलेल्या पाच-सहांमधली एक. “तिले पोट्टे चिडवतात. दुकान माहं, पुडे माह्या हातचे, मंग चिडवाव तं मले ना? या अल्ला, ते लेकरू माल खाते म्हनून मी कवतिक करत होतो.”

तेवढ्यात शाळेची मधली सुट्टी झाली. खिचडीचा वास रस्त्यावर आला. आता शेडमध्ये जया नावाची दुसरी बाई होती. भीमराज त्या वासाच्या वेळेला नऊ महिने या रस्त्यानं आला नव्हता. आज चुन्याच्या नादात वेळेचं भान राहिलं नाही. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. थोड्या वेळानं पोरं गेटमधून बाहेर पडली आणि टपरीपुढं गोळा झाली, आणि मग त्यानं मान वळवून जे पाहिलं ते त्याला आधी समजलंच नाही. पोरं ओळीत उभी होती आणि एकेक जण पैसे द्यायच्या आधी उजवा हात पालथा-सुलटा करून हलीमाबीपुढं धरत होता. ती बोटं बघायची, वाटलं तर हुंगायची, आणि मग शेंगदाणे द्यायची. एकाचा हात तिनं झटकला. “हे पानी लावून आला हायेस. हयद कुठी हाये? जाय, खाऊन ये आधी.” पोरगं पाय आपटत परत गेटमध्ये पळालं.

पोरं पांगल्यावर भीमराजनं विचारलं, “काय पाह्यता जी हातात?”

हलीमाबी त्याच्याकडं बघत राहिली. “तुमाले म्हाईत नाई?”

“नाई.”

“कौसल्याचा कायदा हाये थो.” ती फळीवरून उतरली. “भिंत झाली त्याच साली. खिचडी उरून राह्यली म्हनून ते माह्याकडं आली, इथंच उभी राह्यली. म्हनते, हलीमा, तुहं दुकान बंद कर असं मी म्हनत नाई, तुलेबी पोट हाये. पन ज्या पोट्ट्याच्या बोटाले खिचडीची हयद नाई त्याले पुडा देऊ नको. आधी माही खिचडी, मंग तुहा पुडा. मी म्हनलं, अन् मी काहून आयकू तुहं? तं म्हनते, माह्या नवऱ्यानं भिंत काढली, पिवळा म्या भरला, आता कोनी तं मधात उभं राह्यलं पाह्यजे का नाई. दोन वर्सं रोज शेडच्या दारातून ओरडे, हलीमा, हात पाह्य! डोये गेले तवा पोट्ट्यायचे हात सोता हुंगे अन् मंग गेटाबाहेर सोडे.”

“मले नाई सांगतलं.”

“मीच म्हनलं, सांग तुह्या पेंटरले. तं म्हनते, नको, थे भिंतीकडे पाह्यनं सोडून देतीन.”

एक ट्रक कापूस भरून रस्त्यानं गेला, गाठोड्यांतून उडालेली सरकी-रुई गोदामाच्या भिंतीला, ओल्या चुन्याला चिकटली. भीमराज ती बोटानं एकेक काढत राहिला. त्याला वाटत होतं की आता काहीतरी व्हायला हवं, पण तसं काही झालं नाही. उलट सगळं फार शांत झालं. इतके दिवस त्याला वाटत होतं, ती दारात बसून पिवळ्याकडं बघते. ती पोरांच्या हाताकडं बघत होती. तो दुसऱ्या टोकाला होता आणि तिनं आपलं टोक इतकं ताठ धरलेलं होतं की त्याला ओढा कधी जाणवलाच नाही. साहेबानं टेप लावून मीटर मोजले, तिनं एक वीत मोजली होती, पोराच्या हाताची. आणि ती गेल्यावरही नऊ महिने हलीमाबी ती मोजत होती, कोणी सांगत नसताना.

त्यानं बादली उचलली आणि चुना गटारीत ओतला. मारलेला चुना ओल्या फडक्यानं पुसून काढला. घरून पत्री आणि पॉलिश पेपर घेऊन आला.

ते काम दोन दिवस पुरलं. शेवटाकडून सुरुवात केली, आधी क, मग ण. पिवळा पापुद्र्यानं सुटत होता, खाली लाल, त्याखाली बियाण्याच्या पोत्याचा हिरवा, एका जागी उस्तादाचा गेरूही वर आला. झची शेपटी त्यानं शेवटी ठेवली. ती खरवडताना हात जड होईल असं त्याला वाटलं होतं, झाला नाही. तिथं रंगाचा थर जाड होता, कौसल्यानं ब्रश तिथं दोनदा फिरवला होता. थर निघाला आणि त्याखाली सुताची निळी रेघ दिसली. चार बोटं लांब, फिकट, सरळ. ब्रश चुकला होता, पण रेघ चुकली नव्हती. ती रेघ तिनं धरून ठेवलेली. त्यानं क्षणभर तिच्यावर बोट ठेवलं, निळीची भुकटी बोटाला लागते का पाहिलं. लागली नाही, रंगात मुरली होती. मग त्यानं पॉलिश पेपर मारला. रविवारी प्रायमर, त्यावर पांढऱ्याचे दोन हात. सोमवारी सकाळी इंद्रजित आला, भिंतीचा फोटो काढला, म्हणाला, “काका, हे काम तं येकदम पक्कं झालं.” भीमराज म्हणाला, “पक्कंच पाह्यजे जी.”

ममता मॅडमनी आहाराचा कागद दिला. भीमराजनं सूत निळीतून ओढलं आणि सवयीनं दुसरं टोक पुढं केलं, तिथं कोणी नव्हतं. त्यानं खिळा ठोकला. गोदाम जुनं, पोपडा सुटला आणि खिळा हातात आला. दुसरीकडं ठोकला, तोही आला. पांढऱ्या भिंतीला दोन भोकं पडली. ऊन डोक्यावर आलं होतं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. त्यानं सूत गुंडाळून खिशात टाकलं, हात पुसले आणि तो टपरीपुढं जाऊन उभा राहिला.

“बिस्किटाचा पुडा द्या भाभी.”

“बिस्किटं ठेवत नाई मी आता.”

“मंग शेंगदाने द्या.”

“हात दाखवा,” हलीमाबी म्हणाली.

“भाभी, कायले थट्टा करता मानसाची.”

“थट्टा नाई. लहान-मोठा सारखा कायदा. दाखवा.” त्यानं हात पुढं केला. प्रायमरनं पांढरा, नखांत निळी. तिनं लांबूनच पाहिला. “नऊ महिन्यांपासून मी पाहून राह्यलो, पिशवीत बिस्किटं अन् घरी जाते मानूस. कौसल्या असती तं तुमच्या हातात पुडा दिला असता का मी? जा तिकडे. सुट्टी झाली आताच.”

तो रस्ता ओलांडून गेला. अठरा मीटर. गेटमधून आत गेला तेव्हा ममता मॅडमनी पाहिलं आणि तोंड दुसरीकडं केलं. व्हरांड्यात पोरं पंगतीत बसली होती, त्या पंगतीच्या शेवटी, अलफियाच्या बाजूला, तो मांडी घालून बसला. अलफियानं त्याच्यासमोर एक ताट सरकवलं. जयानं खिचडी वाढली. ती कौसल्याच्या हातची नव्हती. मीठ कमी होतं, मोहरी जास्त तडतडली होती. पहिला घास त्यानं सावकाश चावला. दुसऱ्या घासाला त्याला आपल्याला भूक लागली आहे हे कळलं, आजची नाही, फार दिवसांची. तो वाकून खात राहिला. “काका, आखीन घ्या,” अलफिया म्हणाली, “मी दोनदा घेतो रोज, नाई तं दादी हातच धरत नाई.” त्यानं आणखी घेतली. ताट बोटांनी पुसून घेतलं. नळावर पोरांच्या रांगेत उभा राहून तो पाणी प्यायला, पण हात त्यानं जेमतेमच धुतला.

रस्ता ओलांडून तो परत टपरीपुढं आला आणि उजवा हात पुढं केला. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडांना, निळीच्या बाजूला हळद होती. हलीमाबीनं मान वाकवून पाहिलं, वेळ लावून पाहिलं, पोरांचे बघायची तसं.

“हाव, हाये,” ती म्हणाली. “आता काय देऊ?”

“काही नको जी,” भीमराज म्हणाला. त्यानं खिशातून सुताचं टोक काढून तिच्यापुढं धरलं. “हे धरता का जरा? ताठ धरा. रेघ मारून घेतो.”